आठ हजार सहाशे बारा

भिंतीवर चिठ्ठ्या लावायला सकाळी साडेनऊला सुरुवात झाली आणि पहिलं भांडण दहाला झालं. या घराण्याच्या मानानं उशीरच म्हणायचा.

वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या हॉलची एक अख्खी भिंत टाचण्या टोचता येतील अशी करून घेतली आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावातलं एक कुटुंब तिथं आपली वंशावळ मांडतं. शेजारीपाजारी येतात, कुणी जुने फोटो आणतं, कुणी नुसत्या चुका काढायला येतं, आणि वरच्या मजल्यावरच्या जुन्या नोंदींच्या खोलीतून लागेल तो कागद खाली येतो. दाराशी पाटी आहे. एका नावाला एक कागद. कागद नसेल तर हयात साक्षीदाराची सही. भांडण हलक्या आवाजात. तिसरा नियम अनुभवातून आला आहे.

दादांच्या मुलानं, म्हणजे शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मास्तरनं, आजोबांच्या चिठ्ठीखाली तीन रेघा ओढल्या होत्या. आजोबा म्हणजे वखारवाले नाना. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली, लाकडाची वखारही विकली गेली, पण त्यांचं नाव निघालं की एकोणऐंशी वर्षांचे दादा अजून खुर्चीत ताठ होतात.

"रेघा दोन," दादा म्हणाले. "मी आणि छोटी."

"आणि मधले काका?"

"कागद आहे का त्याचा?"

कागद नव्हता. त्या सालांच्या जन्मनोंदवह्या पुरात भिजून त्यांचा लगदा झाला होता, शाळेचं दप्तर वाळवीनं खाल्लं होतं, आणि घरात मधल्याचा विषय एक्केचाळीस वर्षांपूर्वीच बंद झाला होता. कुठल्याशा चौकशीत तो नानांच्या विरुद्ध बोलला आणि घराबाहेर गेला, एवढंच मास्तरला ठाऊक.

"मग नियम म्हणजे नियम. पाटी काही मी नाही लिहिली."

पाटी लिहिली होती त्यांच्या बहिणीनं, आणि ती तिथंच चार पावलांवर टाचण्यांची डबी धरून उभी होती. मास्तरनं तिच्याकडे पाहिलं, मग खोडरबर काढलं.

या छोटीला, म्हणजे मास्तरच्या आत्याला, सगळं वाचनालय कार्डवाली आत्या म्हणतं. अठ्ठावीस वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती वरच्या खोलीत बसते आणि गावच्या जुन्या वर्तमानपत्रातला जन्म, लग्न, मृत्यू, जाहीर नोटीस, जे असेल ते एकेका कार्डावर उतरवते. कोपऱ्यात क्रमांक, खाली आपली आद्याक्षरं. शेजारच्या टेबलावर तेच काम करायला निवृत्त पोस्टमन येतो. दोघांत मिळून एकवीस हजारांवर कार्डं झाली. लोक लांबून पत्रं पाठवतात, आमचे पणजोबा तुमच्याकडचे का, म्हणून. आत्या कार्डं बघते आणि उत्तर लिहिते. तिचं उत्तर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं पोस्टमन सांगतो.

खोलीत एकच जादा नियम आहे, तोही तिनंच केलेला. आपल्या घरचा कागद आपण हाताळायचा नाही, शेजारच्या टेबलाकडे सरकवायचा. साक्षही द्यायची नाही. माणूस कितीही सरळ असला तरी घरच्या कागदावर त्याचा हात तिरका जातो, हे तिचं म्हणणं.

गेल्या आठवड्यात सगळी कार्डं संगणकात चढवून झाली. पोस्टमननं यादी तिच्यापुढे धरली होती. "आत्या, एवढ्या कार्डांत एकच क्रमांक सापडत नाही. आठ हजार सहाशे बारा. तुमच्या हातचा आहे. कुठं चिकटून बसलं असेल, बघता का जरा?"

"बघते," ती म्हणाली होती.

बघायचं काही नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वीचा एक शुक्रवार तिला लख्ख आठवत होता. पान तीन, दुसरा स्तंभ. वर हरवलेल्या सायकलीची नोटीस, ते कार्ड आठ हजार सहाशे अकरा. त्याखाली तिच्या घरची नोटीस, आणि नोटिशीखाली छापलेल्या तीन नावांत शेवटचं तिचं. वर्तमानपत्राचा तो बांधलेला खंड उचलून पोस्टमनकडे सरकवायचा एवढंच करायचं होतं. हात उठला नाही. तिनं खालची नोटीस घेतली, कुणाच्या तरी दुकानाच्या स्थलांतराची, आणि तिच्यावर क्रमांक घातला आठ हजार सहाशे तेरा. एक अख्खा माणूस गाळायला ती तयार झाली, पण क्रमांक चोरायला तिचा जीव धजेना. दुसऱ्या कुणी तेरालाच बारा करून टाकलं असतं आणि गोष्ट कायमची मिटली असती.

साडेदहाला हॉलमध्ये एक बाई आली. अडतिशीची, पायात पांढरे कॅन्व्हासचे बूट, खांद्याला मोठी पिशवी. तिनं आधी पाटी वाचली, मग भिंत वाचली, डावीकडून उजवीकडे, सावकाश. मग मास्तरजवळ येऊन म्हणाली, "वखारवाल्यांचं घर ते हेच ना? मी नर्स आहे. रात्रपाळी करून तशीच आले, बसले तर झोप लागेल, म्हणून उभ्यानंच सांगते. माझे वडील तुमच्यातले असावेत."

"असावेत म्हणजे?" दादा खुर्चीतून म्हणाले.

"म्हणजे तुम्ही सांगाल तर आहेत."

तिनं पिशवीतून एक फोटो काढला. वखारीचं फाटक, वर नावाची पाटी, खाली चारपाच माणसं. मास्तरनं कार्यक्रमाच्या जाहिरातीत फाटकाचा असाच फोटो छापला होता, तो बघूनच ती आली होती. वडील अकरा वर्षांपूर्वी गेले. त्यांनी आपल्या घराबद्दल कधी ताकास तूर लागू दिली नाही. "आम्हाला आडनाव नाही," ती म्हणाली. "शाळेत सगळे विचारायचे. बाबा म्हणायचे, एक होतं, ते परत केलं."

मास्तरच्या हातातलं खोडरबर तसंच राहिलं.

"वखारीत पन्नास माणसं कामाला होती," दादा म्हणाले. "फाटकाचा फोटो प्रत्येकाच्या घरी सापडेल."

"सापडेल. म्हणून मी इथल्या नोंदींच्या खोलीला पत्र लिहिलं होतं. चार महिन्यांपूर्वी." तिनं दुसरा कागद काढला, चार घड्यांचा. "उत्तर आलं. 'आपण कळवलेल्या तपशिलाची नोंद आढळली नाही.' एवढंच. खाली दोन अक्षरं आहेत. ही सही कुणाची, तेवढं सांगा. त्यांना भेटायचंय. नीट बघितलं का, एवढंच विचारायचंय."

हॉलमधल्या प्रत्येकाला ती दोन अक्षरं पाठ होती. आत्यानं टाचण्यांची डबी टेबलावर ठेवली आणि ती जिना चढायला लागली.

दादांना तिचं जाणं दिसलं. बरं झालं, असंच त्यांना आधी वाटलं. छोटीचं तोंड बंद राहिलं की निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं त्यांच्या समोर पांढरे बूट घालून उभं होतं. दादांनी चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं, गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याला जवळचं दिसत नाही की लांबचं, हे ते ओळखत. या पोरीकडे मात्र त्यांना बघवेना. उभं राहताना ती एका पायावर भार देत होती. मधला असाच उभा राहायचा, करवतीजवळ, फळी आत सरकवताना.

त्या दिवशी करवतीवरचं झाकण दादांनी काढलं होतं. झाकण असलं की रुंद फळ्या आत जात नव्हत्या आणि माल संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. त्यांनी ते सकाळी काढून खिळ्याला अडकवलं. दुपारी करवतीवरच्या कामगाराची तीन बोटं गेली. चौकशीला साहेब आला, तेव्हा नाना म्हणाले, झाकण होतं, त्या माणसानंच काढलं असेल. मधला पुढे होऊन म्हणाला, नाही, झाकण सकाळपासून खिळ्याला होतं, त्या माणसाचा काही दोष नाही. कुणी काढलं, असं साहेबानं विचारलं. मधला म्हणाला, "ते मी सांगणार नाही."

दादा तिथंच उभे होते. एक शब्द बोलायचा होता. मधला आपल्याकडे बघेल, या भीतीनं त्यांनी मान खाली घातली, आणि मधल्यानं बघितलंही नाही. महिन्याभरात घराचं दार त्याला बंद झालं. वर्तमानपत्रातल्या नोटिशीचा मजकूर नानांनी सांगितला आणि तो वळणदार अक्षरात उतरवून घेतला दादांनी, कारण घरात अक्षर त्यांचंच चांगलं होतं. वर्षभरानं ते वखार सोडून चष्म्याच्या दुकानात बसले. लोकांना वाटलं, त्यांना भुशाचा त्रास होतो.

"बाबा," मास्तर हळूच म्हणाला, "नियम आहे ना, साक्षीदाराची सही चालते. तुम्ही म्हणालात की झालं."

"मी काय म्हणू? रस्त्यानं जाणारी कुणी उठून सांगेल..."

"रस्त्यानं नाही, गाडीनं आले," नर्स म्हणाली. "तीन तास."

मास्तरची बायको औषधाच्या दुकानात काऊंटरला बसते. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तिला माणसंही वाचता येतात, असा तिचा समज आहे, आणि तो फारसा खोटा नाही. सकाळपासून ती सासऱ्यांच्या बाजूची होती. तत्त्व वगैरे काही नाही. दोन रेघांत काम लवकर आटपलं असतं आणि तिला दीडला दुकान उघडायचं होतं.

पण तिनं आता दोन गोष्टी बघितल्या. नर्सनं पत्राची घडी घातली, मग पुन्हा घातली, आणि घडीवरून अंगठ्याचं नख दाबून फिरवलं, टोकापासून टोकापर्यंत. सासरे वर्तमानपत्राची घडी अशीच घालतात. त्या नखाच्या आवाजानं तिचं डोकं अठरा वर्षं उठत आलं आहे. आणि दुसरं म्हणजे सासऱ्यांनीही ते पाहिलं होतं आणि लगेच आपले हात खुर्चीखाली नेले होते.

"बाबा, सही करून टाका," ती म्हणाली.

"तू औषधं दे. सल्ले नको."

"औषधच देतेय. कडू आहे, म्हणून तुम्ही तोंड फिरवताय."

"तुझा काय संबंध?"

"माझा नाहीच. मी तर या घरात नंतर आले. पण माझी चिठ्ठी भिंतीवर आहे, आणि हिच्या वडिलांची नाही. मला आपलं विचित्र वाटतं."

मास्तर बायकोकडे बघतच राहिला. सकाळी डबा भरताना हीच म्हणाली होती, मेलेल्या काकांसाठी जिवंत बापाशी भांडू नका. बाजू बदलावी तर हिनं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आत्या वर्तमानपत्राचा जाडजूड खंड छातीशी धरून खाली येत होती आणि मागून पोस्टमन म्हणत होता, "अहो, मी घेतो, मी घेतो." तिनं तो कुणाला घेऊ दिला नाही. टेबलावर ठेवला आणि खूण लावलेलं पान उघडलं.

"सही माझी आहे," ती नर्सला म्हणाली. "तू विचारलंस, नीट बघितलं का. मी बघितलंच नाही. बघायची गरज नव्हती, मला ठाऊक होतं." मग पोस्टमनकडे वळून, "बारा नंबर हरवलेला नाही. मी कधी लिहिलाच नाही. कोरं कार्ड घ्या आणि मी वाचते ते लिहा."

"छोटे, बस कर," दादा म्हणाले.

"दादा, तू कागद मागितलास ना? हा घे कागद."

तिनं वाचायला सुरुवात केली. कार्डं वाचून दाखवताना असतो तसाच तिचा आवाज होता, ना चढा ना पडलेला. "जाहीर नोटीस. आमचा मधला मुलगा, सध्या मुक्काम नदीपलीकडील आगपेटी कारखाना, कामगार वस्ती, खोली नऊ, याचा आमच्या घराशी व वखारीशी यापुढे कसलाही संबंध नाही. त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही."

नर्सनं पिशवीत हात घातला. एक पिवळं पडलेलं ओळखपत्र काढून तिनं खंडाच्या शेजारी ठेवलं. आगपेटी कारखाना, कामगार वस्ती, खोली नऊ. भरतीची तारीख नोटिशीच्या दहा दिवस आधीची.

"म्हणजे," मास्तर म्हणाला, "ज्या कागदानं काकांना तोडलं..."

"तोच एक कागद सांगतो की तो आपला होता," आत्या म्हणाली. "म्हणून मी तो झाकला. माझी लाज झाकायला. पुढचं लिहा, पोस्टमन. सह्या करणारे तिघे. वडील. थोरला भाऊ." ती थांबली. पाणी पिईल असं सगळ्यांना वाटलं, पण नाही प्यायली. "आणि बहीण. माझं नाव पूर्ण लिहा."

पोस्टमनचं पेन अडखळलं. "आत्या, तुमचं नाव गाळून 'इतर' म्हटलं तरी..."

"कार्डावर 'इतर' कधी लिहिलंय आपण?"

त्यानं लिहिलं. वर कोपऱ्यात क्रमांक घातला, आठ हजार सहाशे बारा, खाली आपली आद्याक्षरं आणि आजची तारीख. आजूबाजूला जमलेले शेजारी चुका काढायला आले होते. एकदोघं फोटो बघायला भिंतीकडे सरकली.

"तुम्ही सही का केलीत?" नर्सनं विचारलं. रागानं नाही, औषध कधीपासून घेताय, असं विचारावं तसं.

"नाना म्हणाले, कर. मी तीस वर्षांची होते, कुक्कुलं बाळ नव्हते. मधल्यानं मला सायकल शिकवली होती, दादाच्या मारापासून वाचवलं होतं. तरी केली. याला उत्तर नाही ग. शोधलं, सापडलं नाही."

नर्सनं मान हलवली. मग पत्र उलगडून तिच्यापुढे ठेवलं. "हे दुरुस्त करून द्या."

आत्यानं पेन घेतलं. 'नोंद आढळली नाही' यातल्या शेवटच्या शब्दावर तिनं एक सरळ रेघ मारली, समासात दुरुस्ती केल्याची आद्याक्षरं घातली, तारीख घातली. ती पत्र परत देत होती, तेव्हा नर्सनं पत्राबरोबर तिचा हातही धरला. नाडी बघतात तसा, मनगटाशी. बराच वेळ सोडला नाही.

मास्तरनं खोडलेली रेघ पुन्हा ओढली. या वेळी शाईनं. चिठ्ठीवर काकांचं नाव लिहिलं, आडनावासकट लिहू की नको, म्हणून नर्सला विचारलं. ती म्हणाली, "भिंतीवर लिहा. त्यांचं त्यांना परत मिळू दे. माझं मी बघेन." त्यानं चिठ्ठी लावली. नानांच्या खाली आता तीन.

"चला, झालं," सूनबाई म्हणाली आणि घड्याळ बघितलं. बारा वाजून गेले होते.

"साक्षीदाराचा फॉर्म कुठाय?" दादांनी विचारलं.

पोस्टमन म्हणाला, "आता कशाला, दादा? कागद सापडला. कागद असला की सही लागत नाही."

"मला वाचता येतं. पाटी मीही वाचली. फॉर्म दे."

फॉर्म छोटा असतो. साक्षीदाराचं नाव, नातं, आणि तिसरी ओळ, 'हे आपणांस कसे माहीत?' तिथं लोक लिहितात, शेजारी होतो, वर्गात एकत्र होतो. दादांनी नाव लिहिलं. नात्यापुढे 'सख्खा भाऊ' लिहिलं. तिसऱ्या ओळीवर पेन टेकवून ते इतका वेळ थांबले की शाईचा ठिपका पडला. मग लिहायला लागले. एका ओळीत मावलं नाही, तेव्हा कागद उलटा करून मागे लिहिलं. अक्षर अजून वळणदार होतं. लिहून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली, घातली नाही, तसाच उघडा बहिणीकडे दिला. नर्सकडे न बघता म्हणाले, "तिला वाचायचं असेल तर वाचू दे. नंतर कुणालाही. फायलीला लागतो ना तो?"

आत्यानं वाचलं. 'करवतीवरचे झाकण मी काढले होते. मी तेथे उभा असताना त्याने माझे नाव सांगितले नाही. मीही सांगितले नाही.'

एक्केचाळीस वर्षं तिला वाटत आलं होतं की मधला नुसता नानांच्या विरुद्ध बोलला; दादाचं नाव त्यानं झाकलं, हे तिला आज कळत होतं. तिनं दादांकडे पाहिलं. ते चष्मा काढून बसले होते, त्यामुळे त्यांना ती नीट दिसत नसणार.

कागद फायलीला लावायचा होता, क्रमांक घालायचा होता. तिचा हात सवयीनं पेनाकडे गेला आणि थांबला. आपल्या घरचा कागद. तिनं तो दोन्ही हातांनी टेबलावर सरळ केला आणि शेजारी, पोस्टमनकडे सरकवला.